कागदाला तर्री सोसत नाही

मराठी वाचक संपत चालला, अशी ओरड साहित्य संमेलनाच्या मांडवात दरवर्षी होते. ती करणाऱ्यांनी भेळ खाणाऱ्या माणसाकडे कधी नीट पाहिलेलं नसावं. भेळ संपत आली की माणूस हातातल्या कागदाकडे ज्या एकाग्रतेने बघतो, त्या एकाग्रतेने पुस्तकाकडे बघणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. एका हाताने तळाला चिकटलेली शेव टिपायची आणि चिंचेच्या पाण्याने अर्धा गिळलेला अग्रलेख उरलेल्या अर्ध्यावरून समजून घ्यायचा. पिंपरी स्टेशनाबाहेर एक गृहस्थ ऐन ज्येष्ठात मागच्या दिवाळीचं राशिभविष्य वाचून काळजीत पडलेले मी पाहिले आहेत. वर्तमानपत्रात सदर लिहिणाऱ्या प्रत्येकाला मनातून ठाऊक असतं, की आपला लेख सकाळी चहाबरोबर मथळ्यापुरता वाचला जाणार आणि दीड-दोन महिन्यांनी ओल्या भेळेबरोबर पूर्ण.

ही वाचनसंस्कृती सरकारने मोडीत काढली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६च्या डिसेंबरात बजावलं, की वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका. २०१८ साली वेष्टनांचे नियम आले, त्यात ही गोष्ट नियम म्हणूनच घातली. २०२३च्या सप्टेंबरात पुन्हा तेच सांगितलं. एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते, यावरून ती किती पाळली जाते याचा अंदाज यावा. नियम कागदावर आहे आणि वडापावही कागदावर आहे.

प्राधिकरणाचं म्हणणं मात्र खोटं नाही. छपाईच्या शाईत रंगद्रव्यं असतात, खनिज तेलं असतात, क्वचित शिशासारखे जड धातूही असतात, आणि गरम तेलाला हे सगळं सोबत घेऊन जायला आवडतं. भज्याच्या पाठीवर उलटा उमटलेला मथळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाहिला, क्षणभर वाचायचा प्रयत्न केला आणि खाल्ला. आमच्या पिढीच्या पोटात किती संपादकीय मतं गेली असतील याचा हिशेब नाही. एवढं करून ती पचली नाहीत हे निवडणुकांच्या वेळी दिसतं.

मग भेळेतून बाद झालेला हा कागद जातो कुठे?

आमच्या भागात त्याचा प्रवास रद्दीवाल्याच्या काट्यापासून सुरू होतो. काट्याबद्दल न बोललेलं बरं. रद्दी काट्यावर चढली की हलकी होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम नसला तरी अनुभवाचा आहे. काट्यापर्यंतही न पोचलेला कागद रस्त्यावरून, कचराकुंडीतून वेचणाऱ्या बायका वेगळ्या. १९९३ साली पुण्यात बाबा आढावांच्या पुढाकाराने त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, दुधाची पिशवी वेगळी, हे वर्गीकरण या बायकांच्या बोटांत असतं. पर्यावरणावर पदवी घेतलेल्या माणसाला ते जमायला दोन सत्रं लागतील. पुढे हा माल भंगाराच्या गोदामात. चिखलीच्या कुदळवाडीत अशी गोदामं इतकी होती, की तिथे आग लागल्याची बातमी छापायला वर्तमानपत्रांनी साचा तयारच ठेवला असावा. २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली. बांधकाम पाडता येतं. भंगार पाडता येत नाही, ते उठून दुसरीकडे बसतं.

चाकणच्या पट्ट्यात कागद येतो तो गाड्यांच्या निमित्ताने. भोसरीत तयार झालेला बोल्ट चाकणला निघतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून. अंतर पंधरा-वीस किलोमीटरचं. पण खोक्यावर छत्रीचं चित्र, काचेच्या पेल्याचं चित्र आणि वरची बाजू दाखवणारे दोन बाण. बोल्टला वर-खाली काय आणि पावसाळा काय! मी आयुष्यभर एका कंपनीच्या स्टोअर्समध्ये नोकरी केली, पण हा प्रश्न कुणाला विचारला नाही, कारण उत्तर म्हणून एक छापील फॉर्म भरून द्यावा लागला असता. तर असा हा पुठ्ठा संध्याकाळी गठ्ठे बांधून निघतो, लगदा होतो आणि पुन्हा पुठ्ठा होऊन येतो.

मात्र कागदाचा पुनर्जन्म अमर्याद नाही. लाकडातून निघालेला तंतू साधारण पाच-सात वेळा लगद्यात घोळला गेला की इतका आखूड होतो, की शेजारच्या तंतूला धरून ठेवण्याचं बळ त्याच्यात उरत नाही. वडाला दोरा गुंडाळून सात जन्मांची मागणी करणाऱ्यांनी वडाच्याच जातीच्या लाकडाची ही मर्यादा लक्षात घेतलेली बरी. शिवाय प्रत्येक जन्मी एक पायरी खाली. पहिल्या जन्मी पांढरंशुभ्र लेटरहेड, मग करडी वही, मग पुठ्ठा. आणि सगळा अहंकार, सगळी शाई, सगळे गोंद पोटात घेऊन मोक्षाच्या दाराशी उभा राहिलेला शेवटचा जन्म म्हणजे अंड्याचा ट्रे.

या ट्रेविषयी मला आदर आहे. वजनाने साठ-सत्तर ग्रॅम, आणि अंगावर घेतो तीस अंडी, म्हणजे दीड किलोहून जास्त माल. पाच गुणिले सहा खळगे. रिकामे ट्रे एकाच दिशेने ठेवले की एकमेकांत शिरून बसतात. भरलेले ठेवताना एकाआड एक ट्रे काटकोनात फिरवायचा, म्हणजे खालच्याची शिखरं वरच्याला तोलून धरतात आणि अंड्यावर भार येत नाही. यात खिळा नाही, स्प्रिंग नाही, सेन्सर नाही. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या खड्ड्यांतून टेम्पोच्या हौद्यात दोरीने बांधलेली अंडी ज्या शांतपणे जातात, त्या शांतपणे त्याच रस्त्यावरून चाळीस लाखांच्या गाडीत बसलेला माणूस जात नाही.

हा ट्रे बनवण्याची रीत ऐकायला सोपी आहे. रद्दी पाण्यात घालून मोठ्या घुसळणीत फिरवायची. पाणी इतकं, की शंभरातले पंच्याण्णवहून जास्त भाग तेच. या पातळ पेजेत खळग्यांच्या आकाराचा जाळीदार साचा बुडवायचा, मागून पंपाने हवा ओढायची. पाणी जाळीतून निघून जातं, तंतू जाळीवर बसतात. साचा उचलला की ओला, लिबलिबीत ट्रे तयार. मग तो गरम हवेत सुकवायचा, नाहीतर उन्हात. यात गोंद लागत नाही. पाणी उडून गेलं की सेल्युलोजचे तंतू आपणच हात पुढे करून एकमेकांचे हात धरतात. रसायनशास्त्र त्याला हायड्रोजन बंध म्हणतं. पाणी पुन्हा आलं, की तेच हात सुटतात.

कागद आणि पाणी यांचं हे नातं आमच्या भागात जरा जपूनच सांगावं लागतं. इथून जवळच देहू. तिथे इंद्रायणीच्या डोहात तुकोबांच्या वह्या तेरा दिवस राहिल्या आणि कोरड्या वर आल्या. इतर भाविक हे ऐकून हात जोडतात. कागदाच्या धंद्यातला माणूस अंमळ जास्तच वाकून जोडतो, कारण तेरा दिवसांत बाकीच्या कागदाचं काय होतं हे त्याने टाकीत रोज पाहिलेलं असतं.

अंड्याच्या खोक्याचा शोध एका वर्तमानपत्रवाल्याने लावला, हे मला फार उशिरा कळलं आणि फार आवडलं. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या एका आडगावी जोसेफ कॉइल नावाचा गृहस्थ पेपर चालवायचा. तिथल्या हॉटेलवाल्याकडे येणारी अंडी वाटेत फुटायची आणि त्यावरून हॉटेलवाला आणि शेतकरी यांची रोज जुंपायची. कॉइलने १९११ साली कागदाच्या घड्यांचं एक खोकं केलं, त्यात प्रत्येक अंड्याला स्वतंत्र कप्पा. भांडण मिटवण्यासाठी संपादकाने अग्रलेख न लिहिता काही तरी उपयोगाचं केल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. लगदा साच्यात ओढून भांडी करण्याची कल्पना त्याहून थोडी जुनी; अमेरिकेत मेन राज्यातल्या मार्टिन कीजची. म्हणतात, की लाकडाचे पातळ पापुद्रे काढणाऱ्या गिरणीत कामगार त्याच पापुद्र्यांवर जेवण वाढून घेताना त्याने पाहिले आणि त्याला पल्पच्या थाळीची कल्पना सुचली. आपल्याकडे पळसाच्या पानावर जेवणाऱ्या माणसाकडे पाहून कुणी पेटंट घेतलं नाही. आपण पाहिलं आणि शेजारच्या पंगतीला बसलो.

आणि अंड्यांच्या राजकारणात पुणं मागे नाही. अंड्याचा भाव सांगणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तिचा कारभार पुण्यातून चालतो. रोज अंडी खा म्हणून दूरदर्शनवरून गाऊन सांगणारी ती हीच. त्या गाण्याने देशात जितकी अंडी खपवली तितकीच रद्दीही खपवली असणार, पण रद्दीला गाण्यात जागा मिळाली नाही.

माझ्या आजीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि लगद्याच्या टोपल्या ती दर उन्हाळ्यात करायची. रद्दी तीन-चार दिवस भिजत घालायची, भिजवून वाटलेली मेथी त्यात मिसळायची, उखळात सगळं कुटायचं. मग उपड्या पातेल्यावर ओलं फडकं पसरून त्यावर लगदा बोटभर थापायचा. दोन दिवसांनी पातेलं काढून घेतलं की टोपली उरे. वरून गेरू किंवा हळद. त्या टोपल्यांत कुरडया, सांडगे, शेवया, भुईमुगाच्या शेंगा वर्षभर राहत. मेथीच्या कडूपणाला किडा फिरकत नाही, असं ती म्हणे. रसायनशास्त्राचा मेथीबद्दलचा जबाब असा, की तिच्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट पदार्थ असतो आणि त्याच कुळातला गवारगम कागदाच्या मिलमध्ये तंतूंची पकड वाढवायला वापरतात. आमचा भाग तसा कागदाला परका नाही. चाकणवरून नाशिकच्या वाटेला लागलं की जुन्नर; तिथला खळ देऊन घोटलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत पसरला. पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा अजून नावाने आहे, आणि शिवाजीनगरला १९४० साली के. बी. जोशींनी गांधीजींच्या प्रेरणेने सुरू केलेली हातकागद संस्था सुती चिंध्यांचा कागद करत आली आहे.

पण आजीच्या टोपलीवरून 'आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी एक बारकावा सोडलेला असतो. आजी त्या टोपलीत आधी स्वच्छ फडकं अंथरायची, आणि त्यात जायचं ते सगळं खडखडीत वाळलेलं. तिने त्या टोपलीत आमटी कधी ओतली नाही.

ओतली ती माझ्या बायकोने.

त्याचं असं झालं. माझा भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीतली बरी नोकरी सोडून त्याने चाकणला खराबवाडीत गाळा घेतला. "नावावर जाऊ नका, मामा," म्हणाला. भोसरीच्या टूलरूममधून ॲल्युमिनियमचे साचे करवून आणले, पंप बसवला, पाण्याचे टँकर लावले आणि रद्दीपासून अन्नाची वेष्टनं बनवायला घेतली. "पूर्ण बायोडिग्रेडेबल. मिसळीचं पार्सल यातून जाणार." मिसळीच्या पार्सलची आजची अवस्था आपण जाणताच: फरसाण एका पिशवीत, उसळ दुसरीत, आणि सॅम्पल तिसऱ्या पातळ पिशवीत, तोंडाला दोऱ्याची अशी गाठ मारलेली की ती सोडवताना सॅम्पल आधी शर्टाला मिळतं. हे बदलायला निघालेल्या पोराबद्दल मला अभिमान वाटला. त्याने पहिला वाडगा टेबलावर ठेवला. करड्या रंगाचा, देखणा, अंगावर निळे-तांबडे ठिपके. निरखून पाहिलं तर एका ठिपक्यात अर्धा 'श' दिसत होता.

बायकोने वाडगा उलटासुलटा करून पाहिला आणि कागदी भांड्याला महाराष्ट्रात विचारला जाणारा एकमेव प्रश्न विचारला. "यात तर्री ठरेल?"

"ठरेल की, मामी."

तिने शेगडीवरची कटाची आमटी डावभर ओतली. भाच्याने मोबाइलवर घड्याळ लावलं. पहिल्या मिनिटाला काही झालं नाही, आणि आम्ही तिघंही वाडग्याकडे फार आशेने बघत बसलो. मग तळाशी एक काळसर टिळा उमटला. तो वाढत गेला, वाडग्याला घाम फुटला, आणि थोड्याच वेळात आमटी मेजावर व वाडगा आमटीत, अशी परिस्थिती झाली. बायकोने पोचा आणला. "आजेसासूबाईंच्या टोपलीला असं झालं नसतं," असं मात्र ती म्हणाली नाही. एवढं तिचं मन मोठं आहे.

या प्रकरणात दोष आमटीचा नाही. आपलं अन्न पाण्याचं आणि तेलाचं आहे, आणि कागदाचे शत्रूही नेमके हेच दोन. पाण्याला थोडा वेळ थोपवता येतं. लगद्यात राळ आणि तुरटी घालतात, त्याने कागद पाणी चटकन पीत नाही. तेल त्याला दाद देत नाही. ते तंतूंमधल्या फटींतून निवांत निघून जातं. आणि तर्री म्हणजे तरंगतं तेल, खाली तापलेलं पाणी, वर मीठ आणि चिंच-आमसुलाची आंबटाई. गोऱ्या लोकांनी कागदी वेष्टन शोधलं तेव्हा त्यांच्यासमोर सँडविच होतं. त्यांच्यासमोर कोल्हापुरी कट ठेवला असता, तर त्यांनी थेट स्टीलचा शोध लावला असता.

मग कागदाला अस्तर द्यायचं. पहिलं अस्तर प्लास्टिकचंच. टपरीवरच्या कागदी कपाला आतून पॉलिथिनचा पापुद्रा असतो, म्हणून तर त्यात चहा राहतो. खरगपूरच्या आयआयटीने २०२० साली मोजून सांगितलं, की अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. कटिंग चहा प्यायला पंधरा मिनिटं लावणारा माणूस आमच्या औद्योगिक पट्ट्यात वेतनकराराच्या बोलण्यांखेरीज कुठे आढळत नाही, पण कामगार पुढाऱ्यांच्या प्रकृतीचा विचार व्हायलाच हवा. दुसरं अस्तर फ्लोरिनयुक्त रसायनांचं. तेल त्याच्यावर थेंब होऊन उभं राहतं, बघायला छान वाटतं. अडचण एवढीच, की ही रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत, शरीरात साठतात. डेन्मार्कने २०२० साली ती अन्नाच्या कागदातून हद्दपार केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२४च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, की तिथे अशा कामासाठी त्यांची विक्री थांबली. तिसरं अस्तर वनस्पतिजन्य प्लास्टिकचं. जेजुरीला प्राज कंपनीने २०२४ साली त्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. खंडोबाच्या भंडाऱ्याच्या गावी पिवळ्या सोन्यानंतर हे दुसरं. हे प्लास्टिक कुजतं, पण आपल्या मर्जीने कुजत नाही. 'कंपोस्टेबल' म्हणवून घेण्याची परीक्षा असते ती ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या खताच्या ढिगात, १८० दिवसांच्या आत ९० टक्के. ५८ अंश आमच्याकडे वैशाखातही होत नाहीत. आणि इंद्रायणीच्या काठी फेकलेल्या वाटीला परीक्षेची वेळ झाली हे सांगायला कुणी जात नाही.

भाच्यापुढे आणखी एक पेच होता, तो त्या अर्ध्या 'श'चा. रद्दीतली शाई धुतली तरी पुरती जात नाही. २०१०च्या सुमारास झुरिकच्या सरकारी प्रयोगशाळेने दाखवून दिलं, की पुनर्वापराच्या पुठ्ठ्यातली खनिज तेलं खोक्यातल्या कोरड्या तांदळापर्यंत, नूडल्सपर्यंत पोचतात. त्याला स्पर्शाचीही गरज नाही. ती हवेतून वाफेच्या रूपाने जातात. म्हणजे भेळेच्या कागदाला दारातून हाकलायचं आणि त्याच कागदाला लगद्याच्या वेषात खिडकीतून घ्यायचं, असा हा व्यवहार. ऐकून भाचा दोन दिवस बोलला नाही. मग उसाच्या चिपाडाबद्दल बोलू लागला. चिपाडाचा तंतू नवा, त्याला वर्तमानपत्राचं पूर्वायुष्य नाही. अयोध्येच्या यश पेपर्सने त्याच्याच थाळ्या 'चक' नावाने बाजारात आणल्या. आमचे साखर कारखाने चिपाड बॉयलरमध्ये घालून वीज करतात आणि उरलेल्या वेळात निवडणुका लढवतात. पण ते काही रद्दीचं काम नव्हे, म्हणून मी तो विषय वाढवला नाही.

मला स्वतःला विचाराल तर मी त्याला एवढंच सांगितलं, की ज्या अन्नाला स्वतःचं कवच आहे त्याच्याच सेवेला रद्दी लाव. अंडं, आंबा, डाळिंब, सीताफळ. देवाने ज्यांना आधीच वेष्टन देऊन पाठवलंय, त्यांना फक्त धक्क्यापासून सांभाळायचं असतं. ते काम सातव्या जन्मातल्या कागदालाही जमतं. त्याच्याकडून आमटी वाहून नेण्याची अपेक्षा करणं म्हणजे सेवानिवृत्त माणसाला रात्रपाळीला बोलावणं. तर्रीला स्टीलची वाटी द्यावी. कंपनीच्या कँटीनमधलं कप्प्याकप्प्यांचं स्टीलचं ताट घ्या: मी रुजू झालो तेव्हाचं ताट निवृत्तीच्या दिवशीही तेच होतं, फक्त त्यावरच्या पोच्यांवरून मी त्याला ओळखू लागलो होतो. चिंचवडात ज्यांच्याकडे बसून मिसळ खायची ते अजून स्टीलच्याच भांड्यात देतात. पार्सल ही खरं तर मिसळीची कल्पनाच नव्हे.

पण हे माझं बोलणं रस्त्यावर टिकत नाही. महाराष्ट्राने २३ जून २०१८पासून थर्माकोलची ताटं-वाट्या आणि पातळ पिशव्या बंद केल्या, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार दंड ठेवला. १ जुलै २०२२पासून केंद्राने देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तू बंद केल्या. तेव्हापासून सत्यनारायणाच्या प्रसादापासून वाढदिवसाच्या केकपर्यंत सगळं कागदी ताटांवर आलं. चकचकीत चंदेरी ताट 'पेपर प्लेट' म्हणून मिळतं, आणि चंदेरी भाग कशाचा हे विचारायचं नसतं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. घंटागाडी सोसायटीच्या दारात येते. ओला हिरव्यात, सुका निळ्यात. आणि कालच्या भाजीचं तेल पिऊन तृप्त झालेलं कागदी ताट हातात घेऊन माणूस मध्येच उभा राहतो. आमच्या सोसायटीत यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो कागद आहे, म्हणजे सुका. दुसरा म्हणतो हाताला तेल लागतंय, म्हणजे ओला. घंटागाडीवरच्या ताई दोघांचंही ऐकून घेतात आणि ताट घेत नाहीत. शास्त्र दुसऱ्या पक्षाच्या बाजूचं आहे: तेलकट कागदाचा पुन्हा कागद होत नाही, तो खतात जायला हवा. पण त्याला आतून प्लास्टिकचं अस्तर असेल, तर खतवालाही त्याला दारात उभा करत नाही. शेवटी दोन्ही घरचं हे पाहुणं मोशीला जातं. तिथे कचऱ्यापासून वीज करणारा १४ मेगावॉटचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. झाडापासून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रापासून ताट, ताटापासून वीज. गीतेत आत्म्याची वस्त्रं बदलतात म्हटलंय, ती इतक्या लवकर बदलत असतील असं मला वाटलं नव्हतं.

मधल्या काळात भाचा वाडग्यांवरून ट्रेकडे वळला, पण पाऊस लागला आणि ते सुकेनात. उन्हाच्या जिवावर मांडलेला धंदा मृगाच्या पहिल्या सरीला झोपतो; मग गॅसवरची गरम हवा, मग गॅसचं बिल. याच दिवसांत त्याने मामीला फोन करून आजीच्या मेथीचं प्रमाण विचारलं. तिने प्रमाण मुठीत सांगितलं, त्याने ते टक्क्यांत लिहून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात भुसाऱ्याकडून पोतंभर मेथी खराबवाडीला गेली. शेजारच्या गाळ्यातल्या प्रेसवाल्याने चौकशी केली, की बाळंतपण कुणाचं आहे आणि डिंकाचे लाडू कधी मिळणार. ट्रे मात्र खरोखर कणखर निघाला. हातातून पडला तर टणकन वाजायचा.

परवा तो पेढे घेऊन आला. पहिली मोठी ऑर्डर मिळाली होती.

"आंब्याची?" मी विचारलं.

"गिअरची," तो म्हणाला. चाकणच्याच एका कंपनीला थर्माकोल काढून टाकायचं होतं आणि गिअर ठेवायला खळग्यांचे ट्रे हवे होते. "गिअरला अन्नसुरक्षेचे नियम लागत नाहीत, मामा. शाई असो, अर्धा 'श' असो, त्याला काय! मेथीचा वास येतो एवढंच. परचेसवाला म्हणाला, चालेल, पण चलनावर लिहू नका."

बायकोने पेढा तोंडात टाकला. "मग सुटलास एकदाचा आमटीच्या कटकटीतून."

"हो," तो म्हणाला, आणि जरा घुटमळला. "म्हणजे, गिअर गंजू नयेत म्हणून पॅक करायच्या आधी आरपी ऑइलमध्ये बुडवून काढतात. निथळवतात, पण अंगावर तेल राहतंच."

"म्हणजे तर्रीच की."

"तर्रीच."

"किती वेळ ठरायला हवी?"

"बोटीने जर्मनीला जायचेत, मामी. चाळीस दिवस."